हिलाल नानांची जपानी

हिलाल नाना धुळ्याहून एसटीने येतात, आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसतात, झोळीतून स्वतःची बाटली काढतात, स्वतःचं पाणी पितात आणि परत जातात. आमच्या घरचं पाणी त्यांनी आजवर ओठाला लावलेलं नाही.

जळगावचं ऊन कसं असतं ते तुम्ही ऐकलं असेल. माझा भरीत-पुरीचा गाडा आहे. मे महिन्यात वांगं नुसतं पत्र्यावर ठेवलं तरी अर्धं भाजून निघतं. अशा उन्हात समोर गार माठ असताना माणूस बाटलीतलं कोमट पाणी पितो. याचा काय अर्थ लावायचा? मंगला, म्हणजे माझी बायको, तिने लगेच लावला. म्हणाली, "आपण त्याला विष घालू असं वाटतं म्हाताऱ्याला."

मग तिलाच वाटलं, माठ जुना आहे. नवा माठ आणला. नानांनी हात जोडले. मग फिल्टर बसवला. नानांनी फिल्टरकडे बघितलं, चांगला आहे म्हणाले, आणि हात जोडले. शेवटी मी दुकानातून सीलबंद बाटली आणून त्यांच्यासमोर सील तोडलं. नाना म्हणाले, "नको भो. मनी बाटली शे." ती सीलबंद बाटली मीच रागारागात पिऊन टाकली. फिल्टरमुळे आमची पोटं मात्र सुधारली. तेवढे नानांचे उपकार.

जातीचं म्हणावं, तर ते आमच्यातलेच. मग मी स्वतःतच खोट शोधायला लागलो. ती मला पटकन सापडते. शाळेत होतो तेव्हापासूनची सवय. शाळा मी सातवीत सोडली. मास्तर म्हणायचे भिका, तू गेलास म्हणून वर्गात एक बाक रिकामा झाला आणि तो बाक तुझ्यापेक्षा हुशार आहे.

नाना आमच्याकडे येतात ते आम्हाला भेटायला नाही. गाडीला भेटायला येतात.

तर आधी गाडीचं सांगतो. माझा मेहुणा दिलीप पहूरला असतो. केळीचा बागायतदार. त्याच्याकडे एवढी मोठी गाडी आहे की आत चढायला पायरी आहे. एका लग्नात आम्ही तिघं, मी, मंगला आणि आमची जयू, माझ्या मोटारसायकलवरून पोचलो. धुळीने आमचे चेहरे सारखेच झाले होते, कोण बाप कोण लेक कळत नव्हतं. दिलीप मांडवाच्या दारात सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, पुढच्या लग्नाला गाडाच ढकलत या. तिघं नीट बसाल, वरून भरीत पण विकलं जाईल."

लोक हसले. मी पण हसलो, मला माझ्यावरचा विनोद लवकर कळतो. पण हसता हसता तोंडातून निघून गेलं, "जयूच्या साखरपुड्याला स्वतःच्या चारचाकीत येईन." बोललो आणि तोंडातली जिलबी कडू झाली.

अजिंठा चौफुलीला एक ओळखीचा मिस्तरी आहे. त्याला म्हटलं, बाबा, माझ्या ऐपतीत बसेल अशी काही आहे का. तो म्हणाला, "भिकाभाऊ, धुळ्यात एका म्हाताऱ्याकडे जुनी जपानी आहे. पहिल्या लॉटमधली, तिचे सगळे पार्ट जपानहून आलेले. काल शोरूममधून काढली म्हणतील अशी ठेवली आहे. पण म्हातारा डोक्याने थोडा असा आहे. विकायची म्हणतो, लोकांना बोलावतो आणि नापास करून परत पाठवतो."

नापास व्हायची मला सवय होती. गेलो.

धुळ्यात देवपूर भागात नानांचं घर. पुढे अंगण, अंगणात कडुनिंब, आणि कडुनिंबापासून लांब, पत्र्याच्या शेडमध्ये गाडी. झाडाखाली का नाही विचारलं, तर म्हणाले पाखरं घाण करतात. गाडीवर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींना लावतात त्या जाड कापडाचं शिवलेलं पांघरूण होतं. नानांनी ते एका बाजूने हळूहळू गुंडाळलं. आत पांढरी, छोटी, चष्मेवाल्याने पण चष्मा न लावता तोंड पाहून घ्यावं अशी चकचकीत गाडी. मी सहज म्हणालो, "मस्त आहे गाडी."

नाना म्हणाले, "हाई गाडी नही. हाई जपानी शे."

नाना एका जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होते. जुन्या काळी या गाडीसाठी नंबर लावावा लागायचा, चिठ्ठी निघायची. फॅक्टरीच्या शेठजींची चिठ्ठी निघाली, गाडी आली, शेठजी बसले, आणि त्यांचं पोट स्टेअरिंगला लागलं. सीट मागे केली तर पाय पोचेनात. शेठजींनी दोन दिवस पोट आत घेऊन बघितलं आणि मग नानांना म्हणाले, हिलाल, तू बारीक आहेस, तूच घे. तेव्हापासून नाना बारीकच राहिले. मला वाटतं गाडीसाठीच.

मी दार उघडायला गेलो तर म्हणाले, "बूट काढ." काढले. "मोजे." काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते नानांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत, त्यापेक्षा बोलले असते तर बरं. आत बसलो. कापराचा वास. मागच्या सीटवर घडी करून ठेवलेली गोधडी. मी मनात म्हटलं, सीट फाटली असेल, झाकली आहे. हळूच उचलून पाहिलं, सीट कोरी करकरीत. नानांनी माझ्या हातातून गोधडी घेतली, घडी पुन्हा केली आणि होती तशी ठेवली.

मग परीक्षा सुरू झाली. मला वाटलं लायसन विचारतील. ते विचारतात, "घरमा कोन कोन शे?"

सांगितलं. बायको, मुलगी.

"दारू पेस का?"

"नाही."

"घरमा कोना आवाज चढस?"

मी खरं सांगितलं. बायकोचा. नाना पहिल्यांदा बरं वाटल्यासारखे दिसले. मी विचारलं, "नाना, साठ-सत्तर पळते का?" चेहरा पुन्हा बंद झाला. "चाळीसना वर नही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जपानी चाळीसच्या वर जात नाही असं नाही. नाना जाऊ देत नाहीत.

मग विकता कशाला, असं पण विचारलं. तर म्हणाले, डोळ्यांनी आता नीट दिसत नाही, "मी गया ते हिले भंगारमा टाकतीन." जिवंत आहे तोवर चांगल्या घरी पडली पाहिजे. आणि निघताना म्हणाले, "मी घर देखाले येसू."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. आठवड्याने खरंच आले. पण माझ्या घरी नाही आले. मी गाड्यावर होतो, मंगला बाजारात. नाना आधी आमची गल्ली फिरले. शेजारच्या अक्कांना विचारलं, त्या घरातला माणूस रागीट आहे का. हात उचलतो का. रात्री घरातून रडण्याचा आवाज येतो का. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं, घरात आणलेलीला नीट सांभाळतील का.

संध्याकाळी मी घरी आलो तर मंगला उंबऱ्यात उभी. हातात भरीत कुटायचा लाकडी दांडा. अक्का आपल्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या, पण तांदळाकडे बघत नव्हत्या. साऱ्या गल्लीत झालं होतं की भिका दुसरं लग्न करतोय आणि मुलीचा बाप चौकशी करून गेला.

मंगला म्हणाली, "कोण आहे ती?"

मी दमून आलेलो. मला वाटलं गाडीचं विचारते. म्हटलं, "जपानी आहे."

"वय काय?"

"चाळिशीच्या घरात असेल. पण ठेवली आहे एकदम जपून. आत कापराचा वास येतो."

दांडा माझ्या कानाजवळून गेला आणि मोटारसायकलच्या आरशाला लागला. अजून तो आरसा तसाच आहे, त्यात मी दोन दिसतो. नाना रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभे राहून हे सगळं बघत होते. बायकोने नवऱ्यावर दांडा फेकला आणि नवरा नुसता खाली वाकला, हे पाहून ते रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "घर चांगलं शे. जपानी तुले दिधी."

किमतीवरून आमचं काही वाजलं नाही. वाजलं अटींवरून. गॅसकिट लावायचं नाही. मागच्या काचेवर कुणाचं नाव लिहायचं नाही. गोधडी काढायची नाही. उन्हात उभी करायची नाही. आणि चाळीसच्या वर नाही. मी सगळ्याला हाव म्हटलं. लग्नात पण मी असंच सगळ्याला हाव म्हटलं होतं.

न्यायला गेलो त्या दिवशी नानांनी बॉनेटला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. डिकीत पिशव्या भरून दिल्या, पुसायची फडकी, जुना फॅनबेल्ट, बल्ब, कापूर. रुखवत होतं ते. मी चोक ओढला, किल्ली फिरवली, लगेच चालू. नानांनी काचेतून हात आत घातला आणि डॅशबोर्डवर ठेवला. मग काढून घेतला आणि वळून घरात गेले. मी जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

धुळे ते जळगाव चाळीसने आलो. हायवे चार पदरी झालाय, ट्रकवाले मागून हॉर्न मारून मारून थकले. एरंडोलच्या अलीकडे कापसाने भरलेला ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला. वर बसलेल्या बाया माझ्याकडे बघून हसत होत्या. कुणी बघत नव्हतं तेव्हा सुद्धा मी पंचेचाळीस केली नाही. का ते मला पण कळलं नाही.

पहूरला दिलीपला दाखवायला नेली. तो गाडीच्या भोवती एक चक्कर मारून म्हणाला, "दाजी, खिशात घालून आणली का?" मी म्हटलं, नाही, पिशवीत. दोघं हसलो. मला वाटलं होतं चारचाकी घेतली की हे थांबेल.

तेव्हापासून नाना येतात. आले की आधी गाडीजवळ जातात, पत्र्याला हात लावतात आणि हळूच विचारतात, "कशी शे वं माय?" मग कान देऊन उभे राहतात. मग खुर्ची, बाटली, एसटी. संक्रांतीला तिळगूळ आणला, तो गाडीच्या खणात ठेवला. आम्हाला दिला नाही असं नाही, आधी तिला दिला.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्या खान्देशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खातात. नाना आले आणि म्हणाले, "आखाजी उनी. जपानीले लई जासू."

मी म्हटलं, नाना, विकत घेतली मी. तर म्हणाले, "हाव. म्हनीसन इचारस ना." म्हणून तर विचारतोय. आता त्यांना दिसत नाही, म्हणजे चालवायला मीच. माझीच गाडी मी धुळ्याला सोडली आणि एसटीने परत आलो. सण झाल्यावर एसटीने जाऊन घेऊन आलो. मालक मी, ड्रायव्हर मी, मुराळी पण मीच. गल्लीतली पोरं विचारायची, काका, गाडी माहेराहून कधी येणार. मी पण सांगायचो, तिचं पोट बिघडलंय, आमरस जास्त झाला.

माणूस एकटा आहे, मूलबाळ नाही, म्हणून गाडीलाच लेक मानतो. असं आम्ही धरून चाललो होतो आणि हसत होतो.

मग दिलीपने जयूला स्थळ आणलं. शिरपूरचं. मुलगा नोकरीला, घर स्वतःचं, खाली संगमरवर. जयू एका लॅबमध्ये रक्त तपासते, शिकलेली आहे, आमच्या घरात शिकलेली ती एकटीच. मुलगा येऊन बघून गेला, पसंत म्हणाला. जयू म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. दिलीप म्हणाला, दाजी, आता वेळ घालवू नका, त्यांच्याकडे रांग लागलीय.

नाना अंगणात बसलेले होते. मी आनंदात त्यांना मोबाईलवर घराचे फोटो दाखवले. त्यांनी मोबाईल हातात घेतला नाही.

"घर देखं का?"

"हे काय, दाखवतोय ना. सगळ्या खोल्यांचे आहेत."

"मोबाईलमा घरना आवाज येस का?"

मी हसून म्हटलं, "नाना, दिलीपने पाहिलंय सगळं. आणि आता जाऊन काय बसायचं त्यांच्या घरी."

नानांचा आवाज चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मंगला आणि जयू घरातून बाहेर आल्या. नाना म्हणाले, "बसाले पाहिजे." मग आवाज खाली आला, इतका की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

त्यांना मुलगी होती. कुसुम. दोंडाईच्याला दिली होती. मध्यस्थ घरचाच, म्हणून चौकशी केली नाही. दर दोन-तीन महिन्यांनी नाना जपानी घेऊन जायचे. आणि मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे त्यांच्या वडिलांनी पाळलेलं, आजोबांनी पाळलेलं. तिला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. नानांनी ते असं कडक पाळलं की आत पण जात नव्हते. पाणी घ्यायचं नाही तर बसायचं कशाला. दारात उभं राहायचं. "कशी शे वं माय?" "चांगली शे, नाना." झालं. गाडी वळवायची.

सासरचे लोक म्हणायचे, काय मानी माणूस आहे. नानांना त्याचं बरं वाटायचं.

मग एकदा निरोप आला म्हणून गेले, तर ती आतल्या खोलीत गोधडीवर पडलेली. त्यांनीच उचलून मागच्या सीटवर ठेवली आणि धुळ्याच्या दवाखान्याला निघाले. रस्ता तेव्हा खराब. ती मागून म्हणत होती, नाना, हळू. गचके बसतात. नानांनी चाळीसच्या वर नेली नाही.

एवढं सांगून नानांनी गाडीच्या मागच्या काचेकडे बघितलं.

मग म्हणाले, "केस झाई. वकिलनी इचारं, बाबा, तुम्ही तठे काय देखं? मी काय सांगू." त्यांनी बाटलीचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "मी म्हनं, दार देखं."

मंगला कधी रडत नाही, फेकते. ती आत निघून गेली.

"पानी पेतू ते बसतू," नाना म्हणाले. "बसतू ते दिसतं."

पाणी प्यायलो असतो तर बसलो असतो. बसलो असतो तर दिसलं असतं. मी सातवी शिकलेला माणूस, पण एवढं मला कळलं. हे पण कळलं की आमच्या माठात काही खोट नव्हती. त्यांची लेक आमच्या घरी दिलेली होती, म्हणून.

पुढच्या रविवारी आम्ही शिरपूरला गेलो. मी, मंगला आणि नाना. दिलीप त्याच्या गाडीने पुढे जाऊन थांबला होता, आमची वाट बघून वैतागला होता. दिवाणखान्यात बसलो. पाणी आलं. मी नानांकडे बघितलं. नानांनी पेला उचलला आणि सगळा प्याले. हळूच मला म्हणाले, "आजून आपली पोर आठे नही. आठे पेवाले चालस."

आणि मग ते बसले. असे बसले की उठायचं नाव नाही. चहा झाला, बसले. जेवण झालं, बसले. दिलीप घड्याळ बघतो, मुलाचा बाप जांभया देतो, मी जोक सांगून सांगून संपलो, शेवटी स्वतःच्या लग्नाचे सांगायला लागलो. नाना मधूनमधून एवढंच म्हणायचे, "पानी मिळी का, माय?" आणि दरवेळी घरातली मोठी सून पाणी घेऊन यायची.

दुपार कलली. पाहुण्यांसमोरचं बोलणं संपलं की घर आपल्या नेहमीच्या बोलण्यावर येतं. सून पुन्हा पाणी घेऊन आली आणि तिच्या हातून पेला निसटला. स्टीलचा, फुटणार नव्हता. संगमरवरावर गरगर फिरत राहिला. आतून सासूचा आवाज आला, अगदी हळू, "तुझ्या बापाने दिलेला नाही तो." आणि लगेच सासू हसत बाहेर आली, राहू द्या, राहू द्या म्हणत.

सुनेने हात डोक्यापाशी नेला होता. मला वाटलं घाम पुसते. खरं सांगतो, मला तेवढंच दिसलं. आपली जयू ज्याला द्यायची तो मुलगा तिथेच बसला होता. त्याने पाय वर घेतले, ओले होऊ नयेत म्हणून, आणि पुन्हा मोबाईल बघायला लागला.

नाना उठले. "चला."

गाडीत मंगला मागे बसली होती. धुळ्याच्या अलीकडे ती म्हणाली, "तिने घाम नाही पुसला. डोकं वाचवलं."

मी आरशात बघितलं. मंगलाने गोधडी मांडीवर घेतली होती. नाना समोर बघत होते. ट्रक हॉर्न मारत होते. मी चाळीसने चालवत होतो.

सोयरीक मोडली. दिलीप घरी येऊन ओरडला, "एका पेल्यासाठी? त्या भंगारवाल्या म्हाताऱ्याच्या नादाने?" मी म्हटलं, "हाव." विनोद सुचला नाही. तो सगळीकडे सांगत फिरला की दाजीला वेड लागलं, पोरीचं स्थळ घालवलं. त्यानंतर कुणी स्थळ आणेना. लग्नात आम्ही दिसलो की बाया जयूकडे बघून आवाज खाली करतात. जयू हसते, माझ्यावर गेली आहे. पण घरी आली की लवकर झोपते.

आणि मला आणखी एक गोष्ट टोचते, ती पण सांगून टाकतो. आम्ही आमची मुलगी वाचवली आणि गाडीत बसून घरी आलो. ती सून तिथेच आहे. तिचा बाप कुठे असेल, पाणी पीत नसेल, दारातून परत जात असेल. आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं, पेला पडला. मंगला एकदा म्हणाली, तिचं माहेर कुठलं ते तरी विचारायला हवं होतं. मी गप्प बसलो. ज्याला बडबड्या म्हणतात त्याचं गप्प बसणं फार वाईट दिसतं.

यंदा आखाजीला मी जपानी धुवून पुसून काढली. जयू म्हणाली, "मी पण येते." मंगला म्हणाली, मग मी काय एकटी खाऊ पुरणपोळ्या. तिघं निघालो.

नानांच्या अंगणात कडुनिंबाला झोका बांधलेला होता. गेल्या वर्षी पण पाहिला होता मी. मला वाटलं होतं शेजारच्या पोरींसाठी असेल. पण त्याची दोरी नवी होती आणि पाट घासून पुसून ठेवलेला, आणि त्यावर कुणी बसल्याची खूण नव्हती.

नानांनी आम्हाला घरात नेलं. माठातून तांब्या भरून आणला, आम्हाला दिला आणि मग स्वतः वरून घटाघट प्याले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर आलं. मंगला बघत राहिली. तिने त्यांना असं पिताना कधी पाहिलं नव्हतं.

मग नाना जपानीजवळ गेले. हात लावला, विचारलं, कान दिला. आणि मग जयूकडे वळून म्हणाले, "बस ना वं माय. कोनी बसत नही."

जयू माझ्याकडे बघायला लागली. एवढी मोठी मुलगी, तिला लाज वाटली असावी. मग जाऊन पाटावर बसली. नाना तिच्या मागे जाऊन उभे राहिले. दोन्ही हातांनी दोरी धरली, पाट मागे ओढला आणि थांबले. सोडायला हात होईना. मी म्हटलं, "नाना, सोडा, घाबरत नाही ती."

त्यांनी दोरी सोडली नाही. धरूनच दोन पावलं तिच्याबरोबर पुढे गेले, दोन पावलं मागे आले.

"चाळीसना वर नही," ते तिला म्हणाले.